हिरव्या ठिपक्याचं गाव

दात दुखणाऱ्या माणसाला नाही म्हणायचं नाही, हा त्या दवाखान्याचा नियम होता. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांनी नव्या बायकोला फोनपाशी बसवलं आणि सांगितलं, "बाकी सगळं तू तुझ्या मनाने कर. पण समोरून कोणी कण्हत असलं, तर त्याला उद्याच्या पुढची वेळ द्यायची नाही." तिने मान डोलावली आणि तो नियम असा काही मनावर घेतला, की पुढे केस पांढरे झाले, फोन बदलले, पण वाक्य बदललं नाही. फोन उचलायचा, नीट ऐकून घ्यायचं आणि म्हणायचं, "या, उद्या सकाळी या."

सगळं गाव तिला वहिनी म्हणायचं. आजोबा, मुलगा आणि नातू अशा तिघांची एकाच वेळी वहिनी असणं नात्याच्या कुठल्याच हिशोबात बसत नाही, पण गावाला त्याचं काय? एकदा जीभ वळली की वळली. वहिनींनीही कधी हरकत घेतली नाही. त्यांचा आवाज जरा जाडसर, उबदार, घाई नसलेला होता. निम्मा ठणका तर फोनवरच थांबतो, असं लोक म्हणायचे, आणि डॉक्टर त्यावर लटकं रागावून म्हणायचे, "मग उरलेल्या निम्म्यासाठी मी आहे म्हणायचा!"

दवाखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडच्या खिडकीला दुधी काच होती, तिच्यातून येणारा उजेड आत येईपर्यंत मऊ होऊन जायचा. मधोमध पेशंटची खुर्ची, डोकं टेकायच्या जागी चामडं झिजून गुळगुळीत झालेलं. वर लांब दांड्याचा गोल दिवा, बाजूला चूळ भरायचा पेला आणि सगळ्या खोलीत लवंगेच्या तेलाचा वास. दवाखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक दार होतं. ते फुगलेलं असल्यामुळे कधीच पूर्ण लागायचं नाही. त्यामुळे डॉक्टरांना फोडणीचा आवाज ऐकू यायचा आणि वहिनींना दाढ उपटल्याचा. दोघांनाही त्याची सवय झाली होती.

पुढे डॉक्टरांचे हात गेले. म्हणजे होते जागच्या जागीच, पण ऐकेनासे झाले. एका सकाळी कोणाची तरी दाढ कोरताना हात थरथरला. डॉक्टरांनी हत्यार खाली ठेवलं, साबण लावून हात धुतले, पेशंटला म्हणाले, "बाकीचं नंतर बघू." ते नंतर काही आलं नाही. हातांपाठोपाठ मनही थोडं सैल झालं. दुपारी ते पांढरा कोट चढवून, सगळी बटणं लावून, पेशंटच्याच खुर्चीत टेकून बसायचे आणि बसल्या बसल्या कुठेतरी निघून जायचे.

त्या दुपारी वहिनींना फार आवडायच्या, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. काच दुधाळ उजळलेली, रस्ता पेंगलेला, आणि खुर्चीत डोळे मिटलेले डॉक्टर स्वप्नात पेशंट तपासत असायचे. "हं... वरची डावी... थोडं अजून उघडा... झालंच," असं पुटपुटायचे. कधी कधी नुसतंच "चूळ भरा" म्हणायचे, इतक्या मायेने की वहिनींचा हात आपोआप पेल्याकडे जायचा. मग त्याही फोनपाशी बसून पेंगायच्या. त्यांना वाटायचं, आपण दोघं एकाच स्वप्नात बसलोय, डॉक्टर आतल्या बाजूला आणि आपण दाराशी, आत येणाऱ्यांना वेळ देत. जोवर अंगात कोट आहे आणि दाराशी आपण आहोत, तोवर हा माणूस आपल्याजवळ आहे. कोट उतरला की तो फुंकर मारल्यासारखा विझून जाईल, याची वहिनींना मनोमन खात्री होती आणि भीतीही.

म्हणून दवाखान्याची पाटी तशीच राहिली. रोज खुर्ची पुसली जायची, पेल्यात ताजं पाणी भरलं जायचं, फोन वाजला की उचलला जायचा. गावाने हे सगळं बिनबोभाट सांभाळून घेतलं. कोणाचं दुखलंच तर तो यायचा, खुर्चीत बसून आ करायचा. वहिनी डॉक्टरांच्या कोपराखाली हात धरायच्या, डॉक्टर छोट्या आरशातून बघायचे आणि गंभीर होऊन मान हलवायचे. मग वहिनी लवंगेच्या तेलाचा बोळा द्यायच्या. पेशंट "बरं वाटलं हो" म्हणून निघायचा आणि पुढच्या आठवड्यात गुपचूप शहराची बस धरायचा. ज्यांना बस झेपत नव्हती ते सोसायचे.

अधूनमधून मात्र एक अनोळखी फोन यायचा. कोणी तरुण बाई असायची. "दाढ दुखतेय. तुमच्याकडे पहिल्यांदाच येतेय. सगळ्यात लवकरची वेळ कधीची मिळेल?"

"कुठली दाढ गं?"

"खालची. उजवी." आवाज जरा गडबडायचा. "पाणी प्यायलं की कळ जाते."

"या, उद्या सकाळी या. तोवर कोमट पाणीच प्या."

आणि ती कधीच यायची नाही. वहिनी सकाळपासून दार उघडून बसायच्या. दुपार झाली की त्यांच्या जिवाला चुटपूट लागायची. बस चुकली असेल का? गाल सुजून डोळा मिटला असेल का? बसल्या बसल्या त्यांनी त्या न आलेल्या बाईला एक चेहरा दिला, गालाला बांधलेली ओढणी दिली, चिडकी सासू दिली. पुढच्या खेपेला तोच आवाज फोनवर आला तेव्हा त्यांना वाटलं, अजूनही हिची दाढ तशीच आहे, बिचारीला घरातून कोणी निघूच देत नाही.

दवाखान्यासमोर शिंप्याचं दुकान होतं. टाचण्या ओठांत धरून बोलायची त्याला सवय होती, त्यामुळे त्याचं निम्मं बोलणं कळायचं आणि उरलेलं निम्मं लोक आपापल्या सोयीने समजून घ्यायचे. त्याची एक दाढ दुखायला लागली. शहरातल्या दवाखान्यात त्याने दाताच्या कण्या केल्या तेव्हा कुठे त्याला तारीख मिळाली, तीही थंडी पडल्यावरची. तोवर अर्धा चेहरा फुगला. एके दिवशी तो टाचण्या बाजूला ठेवून रस्ता ओलांडून आला आणि काही न बोलता खुर्चीत बसला.

डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं. "पू धरलाय," ते स्पष्ट म्हणाले. "आजच्या आज निचरा व्हायला हवा." मग त्यांनी मांडीवर पडलेल्या आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. वहिनींना वाटलं, झोप लागली.

शिंप्याला दुधाच्या गाडीत घालून शहरातल्या इस्पितळात नेलं. ताप डोक्यात चढला होता. जबडा चिरावा लागला, आणि वेळेवर पोचला म्हणून माणूस हाताला लागला. परत आला तेव्हा गालावर मोठा व्रण होता आणि बोलणं, टाचण्या नसतानाही, निम्मंच. आल्या आल्या तो वहिनींकडे आला आणि पायरीवर बसला.

"वहिनी, राग मानू नका."

"राग कसला? बोल की."

"दातांची गाडी येणार होती सरकारची. फिरता दवाखाना. खुर्ची, दिवा, डॉक्टर, सगळं गाडीतच. ज्या गावात दातांचं कोणी नाही तिथे दर आठवड्याला जाते. आपल्याला नाही मिळाली."

"का म्हणून?"

"त्यांच्याकडे नकाशा आहे. जिथे पेशंटला थांबावं लागतं ते गाव लाल. जिथे लगेच वेळ मिळते ते हिरवं. आपण हिरवे." शिंपी अर्ध्या चेहऱ्याने हसला. "साधेसुधे नाही, या सगळ्या मुलखात आपल्याइतकं हिरवं कोणी नाही. फोन केला की दुसऱ्या दिवशी या म्हणतात, असा एकच दवाखाना."

वहिनींना कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांनी विचारलं, "गावाने सांगितलं नाही का त्यांना?"

"काय सांगायचं? आमचे डॉक्टर आता..." शिंप्याने दुधी काचेकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं. "गेलो होतो आम्ही सगळे मिळून त्यांच्या ऑफिसात. कोणाच्या तोंडून निघेचना, वहिनी. चहा पिऊन परत आलो."

त्या दिवसापासून दुपारच्या डुलकीत वहिनींना तो नकाशा दिसायला लागला. सगळं गाव हिरव्या उजेडात बुडालेलं. छपरं हिरवी, रस्ता हिरवा, दुधी काचही हिरवी. दवाखान्यापासून निघालेली रांग टेकडीपर्यंत गेलेली आणि रांगेतला प्रत्येक जण गालावर हात धरून उभा. वहिनी एकेकाला सांगतायत, उद्या या, उद्या या. आणि तो उद्या रांगेच्या शेवटाला उभा राहून मागे मागे सरकतोय. जाग आली की खुर्चीतून डॉक्टरांचं पुटपुटणं ऐकू यायचं, "झालंच... झालंच."

एकदा तर त्या स्टुलावर चढल्या, पाटी उतरवायचीच असं ठरवून. वर गेल्यावर पाटीवरची धूळ दिसली. ती पुसली. मग अक्षरं नीट दिसायला लागली, तेव्हा कोपराही पुसला. शेवटी चकचकीत पाटी जागच्या जागी ठेवून त्या खाली उतरल्या आणि स्वतःवरच चिडून दिवसभर भांडी आपटत राहिल्या.

आणि मग एका दुपारी, डॉक्टर खुर्चीत पेंगत असताना, पाठीवर पिशवी अडकवलेली एक मुलगी दाराशी आली. "दातांचा दवाखाना हाच ना?"

वहिनी खडबडून जाग्या झाल्या. हा आवाज! चेहरा मात्र त्यांनी दिलेला नव्हता. ना ओढणी, ना सूज.

"बाई गं, किती दिवसांनी आलीस! कशी आहे दाढ?"

"कुठली दाढ?"

"खालची, उजवी. पाणी प्यायलं की कळ जायची ती."

मुलीचे कान लाल झाले. "काकू... ती दाढ नव्हती. म्हणजे दाढ आहे. दुखत नव्हती."

"दुखत नव्हती?" वहिनी उठून उभ्या राहिल्या. त्यांना खरंच राग आला. "मी इथे दार उघडून तुझी वाट बघत बसायचे! जेवण जायचं नाही मला! कोमट पाणी पी म्हणून सांगितलं होतं!"

"चुकलं, काकू. पण आमचं कामच ते आहे." ती ओशाळून बाकावर टेकली. "आम्ही आरोग्य खात्याची मोजणी करतो. दातांच्या प्रत्येक डॉक्टरला असा फोन करायचा. नुसती पाटी असून भागत नाही ना, पेशंटला आत शिरायला किती दिवस लागतात ते मोजायचं. खरं सांगून विचारलं तर सगळेच लवकरची वेळ सांगतात. म्हणून आम्हाला दाढ दुखवावी लागते."

"आणि खुर्चीत कोण बसलंय ते कोण बघतं?"

"ते कोणी बघत नाही," ती म्हणाली. "म्हणून तर आले. इथला एक पेशंट जबडा सुजून इस्पितळात पोचला. हिरव्या गावातून असा पेशंट यायला नको होता."

बोलण्याच्या आवाजाने डॉक्टर जागे झाले. अनोळखी मुलगी बघून ते खुर्चीतून उठले, कोट सारखा केला आणि अदबीने हात पुढे करून म्हणाले, "बसा." मुलीने वहिनींकडे पाहिलं. मग जी दाढ कधी दुखलीच नव्हती ती घेऊन ती मुकाट्याने खुर्चीत बसली आणि तिने आ केला.

डॉक्टर वाकले. आरसा तिच्या दातांवर टकटक वाजायला लागला, थांबेचना. वहिनी पुढे झाल्या, पण त्यांनी कोपराला हात लावायच्या आतच डॉक्टरांनी आरसा खाली घेतला. "छान आहेत," ते म्हणाले. "सगळे छान आहेत. जपा."

मुलगी उठली आणि वहिनींच्या मागून स्वयंपाकघरात गेली. तिचे डोळे भरून आले होते, पण पिशवीतून मोजणीचा टॅब काढून तिने उघडलाच. "काकू, मला एवढंच भरायचं आहे. डॉक्टर काम करतात की नाही?"

"नाही म्हटलं तर?"

"यादीतून त्यांचं नाव निघेल. पाटी उतरवावी लागेल. गाव लाल होईल आणि गाडी सुरू होईल."

"आणि हो म्हटलं तर?"

मुलीने मान खाली घातली. "तर हिरवं ठेवून जाईन. मी आले तेव्हा डॉक्टर पेशंट तपासत होते. ते काही खोटं नाही."

वहिनी ओट्याला धरून उभ्या राहिल्या. न लागणाऱ्या दाराच्या फटीतून त्यांना खुर्ची दिसत होती, पांढऱ्या कोटाची बाही दिसत होती, काचेतून आलेला दुपारचा उजेड दिसत होता. सगळं रोजच्यासारखं, आणि एका शब्दाने संपणारं. हो म्हणावं आणि हे असंच चालू द्यावं, असं त्यांना इतकं मनापासून वाटलं की ओठ हललेसुद्धा. पण रस्त्यापलीकडे शिंप्याचं मशीन चालत होतं, आणि मधेच थांबलं की वहिनींना वाटायचं, तो गालावरून हात फिरवत असणार.

"करत नाहीत," वहिनी म्हणाल्या. पुटपुटून चालणार नव्हतं, म्हणून जरा मोठ्यानेच म्हणाल्या. "हात गेल्यापासून एकही दाढ भरली नाही, काढली नाही. वेळ मीच देत होते. इथे दातांचा डॉक्टर नाही."

दाराच्या फटीतून सगळं दवाखान्यात ऐकू गेलंच असणार. पलीकडे खुर्ची करकरली.

"अगं, ऐकलंस का? जरा इकडे ये."

त्या गेल्या. डॉक्टर खुर्चीत बसले होते आणि कोटाची बटणं काढत होते. एकेका बटणाशी बोटं बराच वेळ धडपडत होती, पण वहिनींचा हात त्यांनी बाजूला केला. शेवटचं बटण निघालं तेव्हा ते थकून मागे टेकले.

"ती गाडी येईल, तेव्हा माझं नाव आधी लावायला सांग," ते म्हणाले.

"तुमचं? तुमचं काय काम तिथे?"

डॉक्टरांनी स्वतःच दिवा खाली ओढला आणि आ केला. इतक्या वर्षांत वहिनींनी त्या दिव्याखाली गावातलं प्रत्येक तोंड पाहिलं होतं, हे एक सोडून. मागच्या दाढेत काळं भोक पडलं होतं आणि हिरडी लालबुंद सुजली होती. त्यांच्या डोळ्यांसमोर एकदम कितीतरी गोष्टी आल्या. दुधात बुडवून खाल्लेला पाव, अर्धवट टाकलेलं ताट, गालाखाली हात घेऊन झोपणं. त्यांना वाटलं होतं, वय झालं.

"कधीपासून दुखतंय हे?"

"पुष्कळ दिवस झाले."

"मग बोलायचं नाही का, अहो!" वहिनींना इतका राग आला की आवाज फुटला. "सगळ्या गावाचं ऐकून घ्यायला मी बसलेय ना इथे!"

"बोलून काय करणार? गावात डॉक्टर मीच." डॉक्टर हसले, पण लगेच कळ गेली असावी, गाल धरून थांबले. "शहरात गेलो असतो तर चार लोकांना कळलं असतं. मग तुझा फोन बंद झाला असता. तू त्या फोनपाशी बसतेस ना, लोकांना 'उद्या या' म्हणतेस, ते ऐकत पडलं की मला बरं वाटतं. तुलाही वाटत असेल, असं मला वाटलं."

वहिनींना हसू आलं की रडू, ते त्यांनाही कळलं नाही. दारात मुलगी टॅब घेऊन उभी होती. आत यावं की नको, तिला समजत नव्हतं.

"काकू," तिने हळूच विचारलं, "मग काय लिहू?"

वहिनींनी डॉक्टरांच्या गालावर हात ठेवला. गाल चांगलाच गरम होता.

"लिही," त्या म्हणाल्या. "डॉक्टर नाही. पेशंट आहे."